आडगावला ३० बाय ५० पश्चिममुखी प्लॉट, आई-अण्णांची खोली पुढे घ्यावी की मागे?

आडगावचा_पाटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय. नाशिकच्या आडगाव शिवारात ३० बाय ५० चा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, रोड पश्चिमेला, म्हणजे रोडवर उभं राहून घराकडे बघितलं की डावा हात उत्तर आणि उजवा दक्षिण. आर्किटेक्टने मार्जिन (चारी कडांची मोकळी जागा) सोडून आत बांधायला साधारण २३ बाय ३५ दिलंय, पुढे १० फूट मोकळं. खाली एक मजला आणि वर एक, पुढेमागे वाटलं तर अजून एक. राहणारे आम्ही सहा, आई, अण्णा, आम्ही दोघं, दोन पोरं. आईचे गुडघे गेलेत, सध्या घरात काठी आणि बाहेर वॉकर, त्यामुळे त्यांची खोली खालीच हे नक्की आहे.

आर्किटेक्टने दोन नकाशे दिलेत. पहिल्यात आई-अण्णांची खोली पुढे उजव्या कोपऱ्यात म्हणजे नैऋत्येला, जिना मध्ये ६ बाय १० चा, किचन मागे उजवीकडे, हॉल पुढे डावीकडे, गाडी रोडवर. दुसऱ्यात खोली मागे डावीकडे ईशान्येला, जिना पुढे उजवीकडे, बाकी तसंच. दुसऱ्यात अटॅच बाथरूम अगदी ईशान्य कोपऱ्यात आलंय त्यावरून मावशीने वास्तूचं महाभारत सुरू केलंय, ती म्हणते ईशान्येला संडास म्हणजे घर बसलं. बायकोला ओपन किचन पाहिजे. पुण्याचा भाऊ म्हणतो हॉल डबल हाइट, म्हणजे दोन मजल्यांइतका उंच कर, एकदाच घर होतं. आणि आई म्हणते मला मागे टाकू नका, गेटवर कोण आलं कोण गेलं काही कळणार नाही, अडगळीत ठेवल्यासारखं वाटेल. हे तिने एकदाच म्हटलं आणि परत विषय काढला नाही, म्हणून जास्त लागलंय.

तर पुढे की मागे? आणि गाडीचं काय करायचं? होळीनंतर काम चालू करायचं डोक्यात आहे, २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, पाहुणे आत्तापासून "घर कधी होतंय" विचारायला लागलेत.

तवली_फाटा

नकाशा नंतर भो. आडगावला काळी माती आहे, आधी जेसीबीने एक खड्डा मारून मुरूम (खालचा कठीण थर) किती फुटावर लागतो ते बघ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग (खांबाचा पाया) बसवलं तर दोन पावसाळ्यात भिंतीला तिरप्या चिरा. मुरूम खोल असेल तर प्लिंथचंच (जोत्याचंच) बजेट हलतं आणि मग हॉल दोन फूट मोठा की छोटा यावर भांडायची वेळच येत नाही. आणि पुढेमागे अजून मजला चढवायचा असेल तर फुटिंग-कॉलम आत्ताच तेवढ्या मजल्यांसाठी डिझाइन करून घे, नंतर वाढवणं फार अवघड जातं.

साईटवरचा_माणूस

सिव्हिलमध्ये वीस वर्षं काढलीत, नाशकातच, त्यामुळे जरा लांब लिहितो, वाचायचं तर वाच.

पहिलं म्हणजे ऊन. आपण २० अंश अक्षांशावर आहोत, मेच्या २० तारखेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटाचा छज्जा काढला की एप्रिल-मेचं दुपारचं ऊन आत येत नाही. त्रास पश्चिमेचा. तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि छज्जाच्या खालून सरळ आत घुसतो, भिंत संध्याकाळी सातपर्यंत तापते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत ओकत राहते. पावसाळ्यात वारा पण पश्चिम-नैऋत्येचा, त्र्यंबककडून येणारी झड सगळी पुढच्या भिंतीवर. आता तुझ्या पहिल्या नकाशात सत्तरीचे दोन माणसं बरोब्बर त्या कोपऱ्यात झोपवलीत, जिथे दोन भिंती तापणार आणि त्याच ओल धरणार. वर गेटचा, कुत्र्यांचा, गाड्यांचा आवाज. मी तरी तिथे जिना घालेन. जिन्यात कोणी झोपत नाही, तापला तर तापू दे, आतल्या खोल्यांना तो छत्रीसारखा आडवा येतो.

दुसरं जिना. ६ बाय १० चा जिना कागदावर बसतो, साईटवर बसत नाही. हिशोब कर. स्लॅब टू स्लॅब १० फूट म्हणजे १२० इंच. १८ पायऱ्या धरल्या तर एकेक साडेसहाच्या जरा वर येते, ही म्हाताऱ्या माणसाला झेपते. अर्ध्यात वळण, म्हणजे नऊ-नऊ उंच्या, पाय ठेवायला आठ-आठ पायऱ्या १० इंची, झाले ८० इंच म्हणजे पावणेसात फूट. त्यात सव्वातीन-साडेतीन फूट लँडिंग (वळणावरची सपाट जागा) आणि खाली सुरुवातीला तेवढीच मोकळी जागा, एकूण साडेतेरा-चौदा फूट लांबी. रुंदी दोन्ही बाजू मिळून ७ फूट. म्हणजे ७ बाय १४ पाहिजे. १० फुटात कोंबला की मिस्त्री आपोआप आठ इंची पायरी करतो किंवा वळणावर त्रिकोणी पायऱ्या घालतो, आणि त्या त्रिकोणावरच माणूस पडतो. आणि जिन्याखाली संडास काढू असं कोणी सुचवेल, नको. मधलं लँडिंग ५ फुटावर येतं, त्याची जाडी वजा केली की खाली साडेचार फूट. इन्व्हर्टर, चपला, झाडू, बस.

तिसरं गाडी. पुढे १० फूट आहेत आणि नेहमीच्या छोट्या गाड्यासुद्धा बारा-तेरा फूट. उजव्या कोपऱ्यात बिल्डिंगमधून ५ फूट आत ये, १० फूट रुंद, वरचा मजला त्याच्यावर तसाच पुढे येऊ दे. १५ फूट मिळाले, गेट सरकतं कर. हॉलची थोडी जागा जाईल पण पोर्चची सावलीही मिळेल, आणि पश्चिमेचा मुख्य दरवाजा त्या सावलीच्या कडेला आला तर झडीचं पाणी उंबऱ्यात येत नाही.

मग खोल्यांची लावणी अशी: उजवीकडे रोडपासून आत गाडीचा खाचा, त्यामागे जिना ७ बाय १४, त्यामागे आग्नेयला किचन साडेनऊ बाय १० आणि त्याच्या मागे चार फुटाचं धुणंभांड्याचं. डावीकडे पुढे हॉल १६ फूट लांब, मग उत्तरेच्या भिंतीला लागून ८ बाय ५ चं बाथरूम, मग ईशान्येला आई-अण्णांची १२ बाय १२. बाथरूम कोपऱ्यात नाही, खोली आणि हॉलच्या मध्ये. खिडकी उत्तरेच्या मार्जिनमध्ये निघते, मावशीचाही आवाज बंद. टाकी जिन्याच्या हेडरूमवर (गच्चीवर जिन्याला झाकणारी खोली), म्हणजे नैऋत्येला, ते वास्तूवाले पण मान्य करतात. हजार लिटर म्हणजे एक टन वजन असतं हे मात्र आरसीसीवाल्याला (स्ट्रक्चरचं डिझाइन करणाऱ्याला) सांगून ठेव.

वरच्या मजल्याचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच घे. देवघरावर किंवा किचनवर घेऊ नको, आज ना उद्या जॉइंट गळतोच आणि तो डाळीच्या पातेल्यात गळतो. एकावर एक असलं की पाइप सरळ खाली येतो, सोलरचं गरम पाणी यायला पण बादलीभर गार पाणी सांडावं लागत नाही.

रानजाई

साईटवरचे दादा सगळं बरोबर सांगतायत पण दादा, किचनमध्ये उभं कोण राहणार आहे? दोन गोष्टी मी सांगते.

ओपन किचन फोटोत छान दिसतं. आपल्याकडे वर्षाचा काळा मसाला करायचा असतो, कांदा-खोबरं भाजायला घेतलं की अख्ख्या गल्लीला कळतं, आणि ओपन किचन असलं की सोफ्याच्या कापडाला पुढचे चार महिने कळत राहतं. वहिनींना मोकळं वाटायला हवं असेल तर हॉलच्या बाजूने पाच-सहा फुटाचं सरकतं काचेचं दार करा, रोज उघडं ठेवा, फोडणीच्या वेळी ओढून घ्या. माझ्याकडे तसंच आहे. ओट्याची उंची ठरवताना मिस्त्रीला विचारू नका, तो ठरलेली उंची मारून मोकळा होतो. वहिनींना उभं करा, हात कोपरात वाकवा, कोपरापासून चार बोटं... चार बोटं नाही, चार इंच खाली ओटा. माझा दोन इंच उंच झालाय, कणीक मळताना खांदे वर होतात, आठ वर्षं झाली रोज आठवण येते. सिंक खिडकीखाली, शेगडी खिडकीखाली नको, वाऱ्याने ज्योत हलते. गहू-बाजरीच्या कोठ्या कुठे ठेवणार ते आत्ताच नकाशात काढा, नाहीतर त्या शेवटी आईंच्या पलंगाखाली जातात.

मागच्या चार फुटात वॉशिंग मशीन, भांड्यांची मोरी, सिलिंडर, आणि दोरीला जागा. वरून जाळी आणि पत्रा पण एक बाजू उघडी ठेवा नाहीतर कपडे पावसाळ्यात कुबट.

आता बाथरूम. हे जरा नीट वाचा. आमच्या सासऱ्यांच्या वेळी बाथरूमला दोन दारं केली होती, एक त्यांच्या खोलीतून, एक बाहेरून पाहुण्यांसाठी, सगळ्यांना वाटलं काय हुशारी. एकदा पाहुण्यांनी आतून त्यांच्या बाजूची कडी लावली आणि काढायची विसरले. रात्री दोनला सासरे कडी वाजवत उभे, आम्ही वर झोपलेलो, कोणाला ऐकू आलं नाही. पुढचं सांगत नाही. एकच दार ठेवा, पॅसेजमध्ये काढा, आईंच्या खोलीच्या दाराला लागून, म्हणजे पाहुण्यांनाही चालतं आणि त्यांनाही चार पावलं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. माणूस आत पडला आणि दार आत उघडणारं असलं तर तोच दाराला आडवा येतो, दार तोडावं लागतं.

आणि खरं सांगू का, तुमच्या आईंचं गेटचं म्हणणं हे नकाशातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ऊन-पाऊस दादांनी सोडवलं, हे पण सोडवा.

वास्तुप्रेमी_नाशिक

ईशान्य देवाची जागा, तिथे शयनगृह नसावं. नैऋत्य हीच घरातल्या कर्त्या, वडीलधाऱ्या माणसाची जागा आहे. पहिला नकाशा शास्त्राप्रमाणे योग्य आहे, त्यात बदल करू नये. ऊन लागत असेल तर एसी बसवावा.

तवली_फाटा

एसीचं बिल वास्तुपुरुष भरणार का 😀

पाथर्डीकर_७७

मी पाथर्डी फाट्याला घर बांधून सहा वर्षं झाली, डबल हाइट हॉल केलाय, भावाला माझा नंबर देऊ का? पहिले सहा महिने आलेला प्रत्येक माणूस मान वर करून "वा" म्हणायचा, त्यानंतर कोणी वर बघत नाही. वरची एक पूर्ण खोली गेली. झुंबरावरचं जळमट काढायला घोडा (उंच शिडी) भाड्याने आणतो. टीव्हीचा आवाज वर पोरांच्या खोलीत आणि पोरांचा आवाज खाली, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी काय असते माहितीये ना, निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा आमच्या हॉलमध्ये शाल घेऊन बसतात लोक. २३ बाय ३५ मध्ये ही चैन परवडत नाही राव.

माझा दुसरा पश्चात्ताप कॉलम. नकाशात भिंत ६ इंची आणि कॉलम ९ बाय १२ चा, तो खोलीत बाहेर येणार की भिंतीच्या लांबीत जाणार हे मी बघितलंच नाही. आमच्या बेडरूममध्ये तो बरोब्बर कपाटाच्या जागी तीन इंच बाहेर आलाय, सुताराने कपाट कापून बसवलं, आता एक दार पूर्ण उघडत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ड्रॉइंगमध्ये होतं, आर्किटेक्ट म्हणाले आरसीसीवाल्याला विचारा. तर आर्किटेक्टचा आणि आरसीसीचा नकाशा एकावर एक ठेवून बघ, आणि प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, फ्रीज खऱ्या मापाने काढून माग. रिकामी खोली नेहमी मोठीच दिसते.

आडगावचा_पाटा

बाप रे, एवढं सगळं. रानजाई ताई, दोन दारांचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या दुसऱ्या नकाशात तेच होतं, काढून टाकायला सांगितलं. तवली भाऊ, खड्डा मारला, साडेपाच फुटावर मुरूम लागला, वाटलं होतं त्यापेक्षा बरं.

साईटवरच्या दादा, तुमची लावणी आर्किटेक्टला दाखवली, ते थोडे फुगले पण म्हणाले बसतंय. आता एकच, खोली मागे गेली तर आईचं गेट?

साईटवरचा_माणूस

त्यावर काल जेवताना विचार केला. बाथरूम उत्तरेच्या भिंतीपासून ८ फूट येतं. जिन्याची भिंत साडेचौदा फुटावर. मध्ये सहा फूट पॅसेज उरतो ना? खोलीचं दार त्या पॅसेजच्या तोंडावर घे आणि मुख्य दरवाजा हॉलच्या पुढच्या भिंतीत त्याच सरळ रेषेत. मग पलंग किचनच्या भिंतीला लावायचा, उशी पूर्वेला. उशीला टेकून बसलं की समोर खोलीचं दार, पॅसेज, हॉल, मुख्य दरवाजा आणि त्यापलीकडे गेट, सगळं एका दोरीत. झोपायच्या वेळी पडदा ओढायचा.

पलंग ६ फुटी नको, ५ बाय साडेसहा घे, आईच्या बाजूला ३ फूट मोकळे राहिले पाहिजेत, वॉकर घेऊन वळायचंय. आणि दारं. बाथरूमचं दार अडीच फुटाचं करायची पद्धत आहे, पण दोन्हीकडची चौकट आणि फळीची जाडी गेली की हातात चोवीस-पंचवीस इंच राहतात, व्हीलचेअर जात नाही. आज लागत नसेल. ३ फुटाचं कर. खोलीपासून बाथरूमपर्यंत उंबरा कुठेच नको, बाथरूमचा स्लॅब सनकन (बाकी फरशीपेक्षा खाली) करून उतार आतल्या आत द्यायचा, पाणी बाहेर येत नाही. गेटपासून दरवाज्यापर्यंत प्लिंथची दीड-दोन फूट उंची आहे त्याला रॅम्प नियमाने १ फुटाला १२ फूट लागतो, म्हणजे १८ ते २४ फूट, पुढच्या १० फुटात तो सरळ बसणार नाही, घराच्या डाव्या कडेने वळवावा लागेल. तो नाही जमला तर निदान ६ इंच उंचीच्या रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडा.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नको. प्लॉटवर फक्की (पांढरी पूड) टाकून खऱ्या मापाचं लाईनआउट (भिंतींच्या रेषांची आखणी) कर, आईला घेऊन जा.

आडगावचा_पाटा

केलं. रविवारी सकाळी पन्नास किलोची फक्कीची गोणी, सुतळी, टेप, मी, मेव्हणा आणि मिस्त्री. आधी पोरांनी त्यात लंगडी खेळून अर्धं किचन पुसलं. मग परत टाकलं.

बायको किचनमध्ये उभी राहिली, हात पसरले, म्हणाली हे एवढंच? मग फ्रीजचा खोका आणून ठेवला (शेजाऱ्यांकडून मागून आणला), ओट्याच्या जागी विटा मांडल्या, दोन पाट ठेवून लाटणं फिरवलं आणि म्हणाली बास आहे, पण फ्रीज दारामागे नको, इकडे. फ्रीजची जागा बदलली. ओपन किचनचं नाव परत निघालं नाही, सरकत्या दारावर आलीये, ताई तुमचे आभार. कोठ्या जिन्याखाली साडेचार फुटात जातायत.

आणि एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. अण्णांनी बाथरूमच्या चौकोनात जाऊन विचारलं, लाइटचं बटण कुठे? आर्किटेक्टने खोलीच्या दाराजवळ बाहेरून दिलंय, म्हणजे अंधारात आधी पॅसेजमध्ये यायचं, मग लाइट लावायचा. आता पलंगाच्या उशाला पण एक बटण घेतोय, टू वे, म्हणजे दोन्हीकडून चालू-बंद होणारं.

आईसाठी पलंगाच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. वॉकर घेऊन गेटपासून आत आली, फक्कीच्या रेषेवर पाय पडू नये म्हणून दारातूनच आली, हॉल, पॅसेज, खोली, आणि बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मी विचारलं दिसतंय का. तेवढ्यात रोडवरून दूधवाला गाडीवर चालला होता, ती तिथूनच ओरडली, "अरे थांब रे, उद्यापासून अर्धा लिटर जास्त दे." तो बिचारा मोकळ्या रानात खुर्चीवर बसलेल्या बाईकडे बघतच राहिला.

मावशी अजून म्हणतेय की दार-दार-दरवाजा एका रेषेत असला की लक्ष्मी सरळ बाहेर जाते. आई म्हणाली जाऊ दे, जाताना दिसेल तरी.

रानजाई

😂😂 आईंना नमस्कार सांगा. खिडकीचं पण बघा, पूर्वेची खिडकी पलंगाच्या डोक्यावर येऊ देऊ नका, उत्तरेकडे सरकवा, थंडीत सकाळचं ऊन खोलीत आलं पाहिजे, डोळ्यात नाही.

साईटवरचा_माणूस

फक्की पहिल्या पावसात जाईल. कोपऱ्यांना खुंट्या ठोक आणि मापं वहीत लिहून ठेव, मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये नको. आणि जो नकाशा पास करायला टाकशील तो हाच बदललेला टाक, जुना टाकून नंतर बघू म्हणू नको, भोगवटा दाखल्याच्या वेळी तेच आडवं येतं.